गुळाची चव आणि हातमाग : हिंगोलीचे ठग, जबलपूरची उद्योगशाळा आणि सवय मोडण्याचा एक जुना प्रयोग

१८३० च्या सुमाराची गोष्ट. हिंगोलीच्या लष्करी छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांचे त्याच्याशी देण्याघेण्याचे व्यवहार होते. एकदा त्याने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे अर्ज केला, की मुंबईहून कापड आणायचे आहे, तरी परवाना मिळावा. माणूस ओळखीचा, कारण रास्त, परवाना मिळाला.

मुंबईहून कापड खरोखरच येत होते. मात्र ते हरिसिंगचे नव्हते. जवळच्याच एका गावचा व्यापारी आपला माल घेऊन परतत होता आणि हरिसिंगला त्याची आधीच खबर होती. त्याने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गुरे हाकणाऱ्यांना ठार केले, माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघडपणे विकला. कोणालाही संशय आला नाही. पुढे पकडला गेल्यावर त्यानेच ही हकीकत सांगितली, आणि तीही एखादी फजितीची गंमत सांगावी अशा थाटात.

ही नोंद फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याची आहे. निजामाच्या फौजेत नोकरी करणाऱ्या टेलरने १८३९ साली ठगाच्या आत्मकथनाच्या रूपात एक कादंबरी प्रसिद्ध केली. ती इंग्लंडात अतिशय गाजली, आणि इंग्रजी भाषेत ‘ठग’ हा शब्द रुजण्यात तिचा वाटा मोठा आहे. कादंबरी कल्पित असली तरी तिची प्रस्तावना कल्पित नाही. हरिसिंगशी आपलाही व्यवहार होता, हे टेलरने तेथे मोकळेपणाने लिहिले आहे. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, भर बाजारात माणसे मारली जात आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपलीकडे पुरली जात. एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात माफीचे साक्षीदार एकामागून एक जागा दाखवत गेले आणि प्रत्येक जागी प्रेते निघत गेली. टेलर तेथे हजर होता. अखेर पाहणाऱ्यांनाच ते असह्य झाले आणि उकरणे थांबविण्यात आले.

ज्यांनी आजचे हिंगोली पाहिले आहे त्यांना पलटण, रिसाला, तोफखाना ही नावे परिचित असतील. निजामाच्या पदरी असलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेचे ते ठाणे होते. पुढे तिला हैदराबाद कंटिंजंट हे नाव मिळाले आणि १९०३ पर्यंत छावणी तेथे राहिली. छावणी म्हटली की रोख पगार आला, रजेवर निघालेला शिपाई आला, उंट, बैल, कापूस, कापड आणि परमुलखातील व्यापारी आले. वाटेवर सोबत शोधणारा अनोळखी माणूस हे ठगाचे भक्ष्य असेल, तर छावणीचा बाजार ही त्याची तयार शेती होती.

ठगांविषयी रुमाल, कालीमाता आणि पुरलेली प्रेते एवढेच बहुधा सांगितले जाते. त्याच कागदपत्रांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आजच्या माणसालाही जवळचा वाटावा. अंगवळणी पडलेली, आतून ओढणारी एखादी वाईट सवय काढून तिच्या जागी दुसरे काम, दुसरा छंद, दुसरी कला बसविता येते का? एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारने याचा चक्क प्रयोग केला, आणि तोही अशा माणसांवर, ज्यांच्यातील एकाने हे होणे अशक्य आहे असे आधीच सांगून ठेवले होते.

प्रथम हे लक्षात घ्यायला हवे, की ठग हा चोवीस तास ठग नसे. पावसाळ्यात तो गावी असे, शेती करी, पाटील-जमीनदाराला त्याचा वाटा देई, मुलांची लग्ने लावी. दसरा झाला, वाटा सुकल्या, की टोळी बाहेर पडे. टोळीत कामाची वाटणी ठरलेली असे. वाटसरूला गोड बोलून वश करणारा ‘सोथा’ वेगळा, फास टाकणारा ‘भूर्तोट’ वेगळा, खड्डा खणणारा ‘लुघा’ वेगळा. त्यांच्या सांकेतिक बोलीला रामसी म्हणत. विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने या बोलीचा कोश आणि पकडलेल्या ठगांशी झालेले संवाद १८३६ साली ‘रामसीआना’ या नावाने कलकत्त्याहून छापले. दक्षिणेत याच लोकांना फासेगार असेही म्हणत.

त्या संवादांत एका विधीचे वर्णन येते. काम फत्ते झाले की सव्वा रुपयाचा गूळ आणला जाई. त्याला ‘तुपौनी’चा गूळ म्हणत. कांबळे पसरले जाई, पवित्र मानलेली कुदळ जवळ ठेवली जाई, आणि ज्यांनी स्वतःच्या हाताने फास टाकला आहे त्यांनीच कांबळ्यावर बसून तो गूळ खायचा. इतरांना तो मान नसे.

फिरंगिया हा त्या काळातील नामांकित जमादार. जन्माने ब्राह्मण, घरचा खाऊनपिऊन सुखी. १८३० च्या अखेरीस तो पकडला गेला आणि जीव वाचविण्यासाठी माफीचा साक्षीदार झाला. आंब्याच्या राईत उभ्या असलेल्या स्लीमनच्या तंबूखालीच प्रेते पुरलेली आहेत, हे त्याने दाखवून दिले होते. याच फिरंगियाला स्लीमनने विचारले, की तुम्हाला कधी दया येत नाही काय? त्याच्या उत्तराचा आशय असा, की दया येते, पण तो गूळ स्वभावच पालटून टाकतो. घोड्याने खाल्ला तर घोड्याचाही पालटेल. ज्याने तो एकदा चाखला तो जगातले सारे हुन्नर शिकलेला असो, साऱ्या जगाची दौलत त्याच्यापाशी असो, तो ठगच होणार. आपल्याला कशाचीही ददात नव्हती, नोकरीत गेलो तेथे मर्जी संपादन केली, बढतीही मिळाली असती. पण टोळीपासून दूर असताना जीव कशातच रमेना आणि शेवटी परत यावेच लागले. लहानपणी बापाने तो गूळ चाखायला दिला, आता हजार वर्षे जगलो तरी दुसरा धंदा जमणार नाही.

व्यसनी माणसाचे इतके नेमके मनोगत त्या काळच्या सरकारी कागदांत क्वचितच सापडेल. त्यात सुरुवात आहे, चव आहे, दूर राहिल्यावरची तगमग आहे, परतणे आहे आणि दोष स्वतःवर न घेता गुळावर ढकलणेही आहे. हा शेवटचा भाग विसरता कामा नये.

फिरंगियाच्या म्हणण्याला हिंगोलीचा हरिसिंग जणू पुरावाच होता. त्याच्यापाशी दुकान होते, पत होती, गिऱ्हाईक होते. सवय सोडण्यासाठी माणसाला एखादे मानाचे आणि मिळकतीचे काम द्यावे, असा आजचा सल्ला असतो. हरिसिंगकडे ते सारे आधीपासून होते, आणि त्याने त्या सगळ्याचा बुरखा म्हणून वापर केला. दुसरे काम हाती असणे आणि दुसऱ्या कामाने पहिल्याची जागा घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. टेलरच्या कादंबरीतील अमीर अलीचे उदाहरणही असेच आहे. त्याच नावाच्या खऱ्या साक्षीदाराविषयी प्रस्तावनेत टेलर सांगतो, की त्याच्या हिशेबी ७१९ बळी होते, आणि मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर आकडा हजारावर गेला असता अशी त्याची हळहळ होती.

आता सरकारची बाजू पाहू. १८३६ च्या ३० व्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. अमुक खून अमुक माणसाने केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. अनेकांना फाशी झाली, अनेकांना काळे पाणी. पण ज्यांच्या साक्षींवर हे सारे उभे होते त्या माफीच्या साक्षीदारांचे करायचे काय? त्यांना सोडणे शक्य नव्हते, कारण ठगाला टोळी पुन्हा हाक मारणार, असे खुद्द फिरंगियाच म्हणत होता. मारणेही शक्य नव्हते, कारण शब्द दिलेला होता. त्यांच्या बायका-मुलांनाही जबलपूरला आणून वसविण्यात आले. मुले वाढत होती, हातांना काम नव्हते, आणि घराघरांतून बापाच्या पराक्रमाच्या गोष्टी चालल्या असणार.

१८३० च्या दशकाच्या अखेरीस स्लीमन आणि कॅप्टन चार्ल्स ब्राउन यांनी जबलपुरात उद्योगशाळा काढली. तेथे तंबू शिवले जात, सतरंज्या आणि गालिचे विणले जात. रुमालाच्या पिळाने गळा आवळण्यात तरबेज झालेली बोटे सुताला गाठी मारू लागली. हे चित्र इतके मोहक आहे, की पुढच्या काळातील इंग्रज प्रवाशांना ते पाहिल्याशिवाय जबलपूर सोडवत नसे. मार्क ट्वेनने १८९७ च्या आपल्या प्रवासवर्णनात ठगांवर पानेच्या पाने खर्च केली आहेत.

या मोहातून एक दंतकथाही जन्माला आली. विंडसरच्या राजवाड्यातील वॉटर्लू दालनात पसरलेला अवाढव्य गालिचा जबलपूरच्या ठगांनी राणी व्हिक्टोरियासाठी विणला, असे आजही लिहिले जाते. तो गालिचा आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणलेला आहे. सुधारलेल्या खुन्याने राणीच्या पायाखाली गालिचा अंथरावा, ही कल्पनाच लोकांना इतकी आवडली असावी, की गाव कोणते हे तपासायला कोणी थांबले नाही.

मग प्रयोग यशस्वी झाला काय? मुलांच्या बाबतीत म्हणता येईल. त्यांनी तो गूळ कधी चाखलाच नव्हता. त्यांच्यापुढे दुसरी वाट नसताना एक हुन्नर आला आणि त्यांनी तो धरला. पण त्यांच्या बाबतीत सवय बदलण्याचा प्रश्न मुळातच नव्हता. ज्यांना सवय होती ते बाप मात्र भिंतीच्या आत होते. काही शिक्षा झालेल्या ठगांच्या चेहऱ्यावर तो शब्दच गोंदविला जाई. अशा माणसाला बाजारात कोणी उभे केले असते? मागावर बसलेला म्हातारा ठग सुधारला होता, की त्याला बाहेर पडण्याला वाट नव्हती, हे ठरविण्यासाठी कोणीतरी दार उघडून पाहायला हवे होते. ते दार उघडले गेले नाही. फिरंगियाचे भाकीत खरे ठरले नाही आणि खोटेही ठरले नाही.

येथे फिरंगियाच्या शब्दावरच शंका घेणारे इतिहासकार पुढे येतात. स्ट्यूअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये माळव्याच्या संदर्भात आणि पुढे किम वॅगनर यांनी २००७ मध्ये आपल्या पुस्तकात दाखविले, की ठगी हा काही गूढ पंथ किंवा रक्तातील वेड नव्हते. पेंढारी मोडले, १८१८ नंतर मराठी सरदारांच्या फौजा विसर्जित झाल्या, शिपाईगिरीवर जगणारे हजारो लोक उघड्यावर पडले. साऱ्याचा भार अगदीच कमी झालेल्या वाटांवर आला. खेड्यातील जमीनदार वाटा घेऊन आसरा देत होते. लुटीचा धंदा हा हंगामी मिळकतीचा एक मार्ग होता. शिवाय फिरंगिया बोलत होता तो कोणासमोर? ज्याच्या एका अहवालावर फास पडणार की टळणार हे ठरायचे त्याच्यासमोर. अशा वेळी हे मी केले नाही, गुळाने करविले, असे म्हणणे शहाणपणाचेच होते.

तरीही त्याचे बोलणे पूर्णपणे निकालात काढणे अवघड जाते. जीव वाचविण्यासाठी रचलेल्या कबुलीत गरिबीचे रडगाणे अधिक सोपे होते. त्याने उलट सांगितले, की घरी काही कमी नव्हते. टोळीतले सोबती, ठरलेला हंगाम, गुप्त भाषा, गुळाचा मान या सगळ्यांनी मिळून त्याला ओढले, एवढे तरी खरे मानावे लागते. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये नखे खाण्यासारख्या सवयींवर एक उपचार मांडला. सवयीची हुक्की येताच तिच्याशी एकाच वेळी करता येणार नाही अशी दुसरी कृती करायची. मूठ घट्ट आवळली तर नख तोंडात जात नाही. हरिसिंगचे दुकान या कसोटीवर सपशेल नापास होते, कारण दुकान आणि खून दोन्ही एकाच वेळी चालू शकत होते, नव्हे, एकमेकांच्या आधाराने चालत होते.

सरकारने यातून जो धडा घेतला तो मात्र भलताच होता. गुन्हा ही काही जमातींच्या रक्तातील सवय आहे, ही समजूत ठगांच्या प्रकरणात पक्की झाली आणि १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा म्हणून अवतरली. या वेळी साक्षीपुरावा, टोळी, खून कशाचीच अट नव्हती. जन्म पुरेसा होता. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या माणसांनी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. महाराष्ट्रात सोलापूरची सेटलमेंट याची सर्वांत ठसठशीत खूण. काटेरी तारांचे कुंपण, रोजची हजेरी आणि कुंपणाबाहेर कापडगिरण्यांचे काम. जबलपूरच्या मागाचेच हे मोठे रूप होते, फरक इतकाच की येथे कुंपणाआड आलेल्या असंख्य लोकांनी कधीच काही केलेले नव्हते. जी सवय नव्हतीच ती सोडविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कैदेत गेल्या. हा कायदा देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. भटके-विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केलाच. मराठीतील ‘सराईत’ हा शब्द गवयालाही लागतो आणि गुन्हेगारालाही, ही भाषेची गंमत कायद्याच्या पुस्तकात गेल्यावर गंमत राहत नाही.

हिंगोली जिल्ह्यातच वाटमारीची आणखी एक कथा आहे, आणि ती कित्येक शतके आधीची मानली जाते. मॅक्स आर्थर मकॉलिफ यांनी १९०९ साली शीख धर्मावरील आपल्या ग्रंथात संत नामदेवांचे चरित्र दिले. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची पदे असल्याने ते तेथे येणे स्वाभाविकच होते. त्यात असे येते, की नामदेव तरुणपणी वाटमाऱ्यांच्या टोळीत होते आणि त्यांच्या हातून ८४ स्वार मारले गेले. पुढे औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात त्यांनी एक बाई पाहिली. तिचे मूल भुकेने रडत होते आणि ती त्याला रागे भरत होती. चौकशी करता तिचा नवरा त्याच स्वारांपैकी एक निघाला. नामदेव त्या क्षणी पालटले.

मराठी वाचकाला ही कथा दचकवते. अठराव्या शतकात महिपतीने रचलेल्या ‘भक्तविजया’तील नामदेव तर बाळपणीच विठ्ठलाला नैवेद्य खाऊ घालणारे आहेत. वारकरी परंपरेला वाटमारीची कथा मान्य नाही, आणि नामदेव नावाच्या एकाहून अधिक कवींच्या रचना एकमेकींत मिसळल्याने असे घोटाळे झाले, असे अनेक अभ्यासक मानतात. १२७० सालचे, शिंपी घरातले, नरसीचे म्हणून ज्यांना हिंगोलीकर आपले मानतात त्या नामदेवांवर हा डाग लावण्याइतका पुरावा नाही.

परंतु लोकांनी अशी कथा का रचावी आणि का जपावी, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. वाल्याचा वाल्मीकी ज्या मुशीतून आला तीच ही मूस. या कथांमध्ये पालटणाऱ्याला कोणी भिंतीआड ठेवत नाही. त्याच्या कपाळावर काही गोंदले जात नाही. आपण काय केले आहे ते त्याला एका रडणाऱ्या मुलाकडून कळते, आणि मग तो एकटा राहत नाही. टोळीच्या जागी दिंडी येते. सांकेतिक बोलीच्या जागी अभंग येतो, जो कोणीही म्हणावा. हंगामी मोहिमेच्या जागी आषाढी-कार्तिकीची वारी येते, तीही चालतच करायची. कांबळ्यावरच्या मोजक्यांच्या गुळाऐवजी काला येतो, जो सर्वांच्या मुखी एकमेकांनी घालायचा. आणि गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्य-मांस सुटते. खेडोपाडी दारू सोडलेल्या माणसाची खूण म्हणून आजही त्या माळेकडेच बोट दाखविले जाते. वारकरी संप्रदाय व्यसनमुक्तीसाठी जन्माला आला नाही, पण माळ घातलेल्या माणसाची संध्याकाळ रिकामी राहत नाही, हे त्याने फार पूर्वी जाणले होते. हरिपाठाच्या वेळी हातात टाळ असतात.

औंढ्यालाच नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले, असे परंपरा सांगते. त्याच देवळाविषयी दुसरी एक आख्यायिका अधिक प्रसिद्ध आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना हटकले. ते मुकाट्याने मागच्या बाजूस गेले आणि तेथे पुन्हा उभे राहिले. तेव्हा देऊळच त्यांच्याकडे वळले. औंढ्याचा नंदी देवळाच्या पाठीमागे का आहे, असे विचारले तर आजही हेच उत्तर मिळते.